मुलाबाळांसह डोंगर आणि पाणी



गेले काही दिवस आपण या व्यासपीठावरून विद्वानांची भाषणे ऐकलीत. त्या मालिकेत आमच्यासारख्या प्रापंचिकाला उभे करण्यात चालकांनी मोठे धाडस केले आहे, आणि त्याची जबाबदारी त्यांच्यावरच आहे. आम्ही काही गिर्यारोहक नव्हे. दोर लावून कडा चढण्याची विद्या आम्हाला येत नाही आणि हिमालयाच्या वाटेला आम्ही कधी गेलो नाही. आमची पात्रता असेल तर ती एवढीच, की दोन लहान मुलांचे बोट धरून आम्ही कित्येक वर्षे एकाच मुलखात हिंडलो आणि तेथे एक मोठी चूक केली. ती चूक आज आपणांसमोर मांडावयाची आहे. आम्ही 'आम्ही' म्हणतो तेव्हा ते व्याख्यात्याचे आदरार्थी बहुवचन समजू नका. आम्ही उभयता, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा असे ते खरोखरीचे चौघे आहेत.

डोंगरावर जाण्याची गोष्ट निघाली की घरोघरी एक ठरलेले वाक्य ऐकू येते : "मुलं लहान आहेत हो, जरा मोठी झाली की जाऊ." मग मुले मोठी होतात. त्यांच्या परीक्षा येतात, शिकवण्या येतात, आणि पुढे त्यांना आईबापांबरोबर कोठे जाण्याची लाज वाटू लागते. जाण्याचा दिवस उजाडतच नाही. याच्या उलट दुसराही एक पक्ष आहे. पाच वर्षांच्या पोराला शिखरावर उभे करून छायाचित्र काढावे आणि ते आप्तेष्टांना दाखवून कौतुक करून घ्यावे, असे त्यांना वाटते. पहिल्या पक्षात आम्ही फार दिवस नव्हतो. दुसऱ्यात मात्र होतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

आता मुलूख कोणता ते सांगतो. आपल्या नाशकाहून घोटीमार्गे सुमारे सत्तर किलोमीटर गेले की अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातले भंडारदरा लागते. आपल्यापैकी पुष्कळांनी ते पावसाळ्यात पाहिले असेल. प्रवरा नदी रतनगडाच्या डोंगरात उगम पावते आणि थोडे अंतर वाहिली नाही तोच तिला अडवले आहे. ते धरण १९२६ साली पुरे झाले आणि मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. त्यामागे साठलेल्या जलाशयाला आर्थर लेक म्हणतात. पाण्याच्या एका अंगाला रतनगड, त्याच्या माथ्यावर आरपार पडलेले नेढे. दुसरीकडे अलंग, मदन आणि कुलंग हे तीन गड. आणि या सर्वांहून उंच कळसूबाई, १६४६ मीटर, म्हणजे जुन्या हिशेबाने पाच हजार चारशे फूट. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. १९८६ पासून हा सारा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. पाणी, रान, देऊळ, गड आणि शिखर एवढे सगळे दोन दिवसांच्या टप्प्यात मिळावे, असे मुलखात फार थोडे भाग आहेत.

आम्ही तेथे प्रथम गेलो ते २००९ सालच्या नोव्हेंबरात. मुलगी सहा वर्षांची होती, मुलगा तीन. आम्ही घरून कागदावर कार्यक्रम आखून नेला होता. सकाळी धरण, दुपारी रंधा धबधबा, मग रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ, संध्याकाळी घाटघरचा कोकणकडा. गाडी शेंडी गावापुढे तळ्याच्या कडेला पाच मिनिटे थांबवली, आणि धाकटे चिरंजीव पाण्यापासून चार हातांवर गोट्यांच्या ढिगात बसले ते उठेनातच. चपटा दगड, गोल दगड, पट्ट्यांचा दगड अशा त्यांनी रांगा लावल्या. थोरलीला चिखलात खेकड्याचे बीळ सापडले. त्यातून खेकडा केव्हा बाहेर येतो ते पाहत ती पालथी पडून राहिली. आम्ही घड्याळ दाखवले, पुढे याहून मोठी मौज आहे असे आमिष दाखवले, शेवटी आवाजही चढवला. अखेर हरलो आणि शेजारी बसकण मारली. तीन तास गेले. कागदावरील चारपैकी एकच ठिकाण झाले, आणि मुलांच्या लेखी ती आजवरची उत्तम सहल ठरली.

श्रोतेहो, त्या दिवशी आम्हाला एक गोष्ट कळायला हवी होती. मोठ्यांची सहल स्थळांच्या संख्येत मोजली जाते. मुलांची सहल एका दगडातच पुरी होते. मुलाचे माप वेगळे असते. ते आमच्या समोर उघडे मांडलेले असूनही आम्ही वाचले नाही. नाहीतर पुढचा प्रकार घडता ना.

२०११ सालचा डिसेंबर. मुलगी आठ वर्षांची झाली होती, मुलगा पाच. कळसूबाईला जायचे असे आम्ही ठरवले. ठरवले म्हणजे आम्ही दोघा मोठ्यांनी ठरवले. मुलांना फक्त सांगितले. एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण आम्ही कचेरीत सांगितले, शेजारी सांगितले, मुलीच्या मामाला पत्ररूपाने कळवावे तसे दूरध्वनीवर सविस्तर कळवले. मनातल्या मनात त्या छायाचित्राला चौकटही करून ठेवली.

पायथ्याच्या बारी गावापासून शिखरापर्यंतची उभी चढण अडीच हजार फुटांहून जास्त आहे. वाट मळलेली आहे, नवरात्रात तेथे देवीची यात्रा भरते. जेथे कातळाची भिंत आडवी येते तेथे लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. चढताना आम्ही मुलांना देवीची कथा सांगितली. कळसू नावाची कोळ्याची मुलगी इंदोरे गावी पाटलाच्या घरी कामाला राहिली. केरवारा आणि भांडी सोडून दुसरे कोणतेही काम करीन, अशी तिची अट होती. एके दिवशी घरात पाहुणे फार आले आणि तिला नेमकी तीच कामे सांगितली गेली. तिने ती केली आणि घर सोडून डोंगरावर निघून गेली. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर टाकला तो काळदरा, अशी नावे लोक आजही दाखवतात. अट मोडली म्हणून निघून गेलेल्या मुलीची ही कथा आम्ही आमच्या मुलीला मोठ्या रंगात सांगत होतो. तिची स्वतःची अट काय आहे, हे मात्र आम्ही विचारले नव्हते.

निघायला आम्हाला दहा वाजले. ही पहिली चूक. पाणी चौघांत मिळून तीन बाटल्या घेतले. ही दुसरी. पहिल्या शिडीच्या अगोदरच मुलगी म्हणाली, "बाबा, पाय दुखतात." आम्ही म्हटले, "आता आलंच." अर्ध्या तासाने तिने पुन्हा सांगितले. आम्ही पुन्हा तेच म्हटले. मुलगा तेव्हा आमच्या खांद्यावर होता, त्यामुळे त्याची तक्रार नव्हती. वाटेत लिंबूसरबत विकणारी एक वयस्क बाई बसली होती. मुलीचा चेहरा पाहून ती म्हणाली, "भाऊ, डोंगर कुठं पळून चाललाय का? पोरीला घेऊन खाली जा." आम्ही हसलो, सरबताचे पैसे दिले आणि पुढे निघालो.

शेवटच्या शिडीवर वारा सुटला होता. मुलगी अर्ध्या शिडीपर्यंत चढली आणि थांबली. तिने दोन्ही हातांनी लोखंड धरले, डोळे मिटले, आणि मग तिला वरही जाता येईना, खालीही येता येईना. हाक मारली तर ती उत्तर देईना. तिची आई मागून चढली, तिच्या पाठीला आपली छाती लावून उभी राहिली आणि एकेक पाऊल सोडवत तिला खाली घेऊन आली. या सर्वाला वीस मिनिटे लागली असतील. त्या वीस मिनिटांत आम्ही खाली मुलाला धरून उभे होतो. शिखरावरचे देऊळ तेथून हाकेच्या अंतरावर होते. सांगायला लाज वाटते, परंतु त्या क्षणीही आमच्या मनात एक विचार डोकावून गेला, की चढली असती तर झाले असते.

उतरताना अंधाराने गाठले. डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. आमच्याजवळ एकच बॅटरी होती. पाणी संपले होते, घामाने भिजलेले सुती कपडे अंगावर थंडगार झाले आणि मुलगा कुडकुडू लागला. मोठ्यांना सोसवते ती थंडी मुलांना सोसवत नाही, याचे कारण शरीरशास्त्रात आहे. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचे क्षेत्रफळ मोठ्यांहून जास्त असते. म्हणून ते लवकर तापते आणि लवकर निवते. हे आम्हाला नंतर कळले. त्या वेळी कळले ते एवढेच, की मुलाचे ओठ थरथरत आहेत. तेवढ्यात मागून ती सरबतवाली बाई आपले गाठोडे डोक्यावर घेऊन उतरत आली. तिने आम्हाला एका शब्दानेही टोचले नाही. आपल्या अंगावरचे घोंगडे तिने मुलाला गुंडाळले आणि पुढे चालू लागली. तिच्या पावलांमागून आम्ही बारीत पोचलो तेव्हा साडेसात वाजून गेले होते.

येथे कथा संपली असती तर आपण तिला एक फसलेली सहल म्हटले असते. परंतु चार दिवसांनी मुलीचा मामा घरी आला आणि त्याने विचारले, "काय गं, कळसूबाई केलीस ना?" ती खाली मान घालून म्हणाली, "मी रडले, म्हणून बाबांना वर जाता आलं नाही."

श्रोतेहो, उशिरा निघालो आम्ही, पाणी कमी नेले आम्ही, दोनदा सांगितलेले ऐकले नाही ते आम्ही. आणि अपराध घेतला होता आठ वर्षांच्या मुलीने. आमच्या हौसेचे ओझे आम्ही तिच्या पाठीवर दिले होते, आणि मुले अशी असतात की आईबापांनी दिलेले ओझे ती मुकाट्याने वाहतात, कोणाचे आहे हे विचारीत नाहीत. त्या रात्री आम्हा दोघांना झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला जवळ बसवून सांगितले की चूक तुझी नव्हती, आमची होती. तिने मान हलवली. पण अशा गोष्टी सांगून पटत नाहीत. त्या पटवून द्यायला पुढची दोन वर्षे लागली.

त्या दोन वर्षांत आम्ही शिखराचे नाव काढले नाही. गेलो तो त्याच मुलखात, पण तळ्याच्या काठाने. आणि एक नवी रीत घातली. प्रत्येक सहलीचा एक नायक असे. कधी मुलगी, कधी मुलगा, कधी आई, कधी आम्ही. नायकाकडे शिट्टी आणि घड्याळ. केव्हा थांबायचे, केव्हा खायचे ते त्याने सांगायचे. आणि नायक असो वा नसो, चौघांपैकी कोणीही 'परत' हा शब्द उच्चारला की सर्वांनी तेथल्या तेथे वळायचे. कारण विचारायचे नाही, वाद घालायचा नाही, घरी आल्यावर टोमणा मारायचा नाही. आपणांस वाटेल की मुले या शब्दाचा दुरुपयोग करतील. आम्हालाही वाटले होते. पहिल्या खेपेस मुलाने गाडीतून उतरल्यावर दहाव्या मिनिटाला 'परत' म्हटले, केवळ परीक्षा पाहण्यासाठी. आम्ही खरोखरच वळलो आणि नाशकाला परत आलो. पेट्रोल फुकट गेले, पण तो शब्द खरा ठरला. त्यानंतर त्याने तो उगाच कधी वापरला नाही.

या दोन वर्षांत पाहिले ते शिखराहून कमी नव्हते. २०१३ च्या जूनच्या आरंभी, पावसाच्या तोंडावर, आम्ही काजवे पाहायला गेलो. मेच्या अखेरीपासून पाऊस जोर धरीपर्यंत तेथल्या हिरड्या-बेहड्यांच्या आणि ऐनाच्या झाडांवर काजव्यांची अशी दाटी होते, की एक झाड उजळते, विझते आणि पुन्हा उजळते. मुलीने विचारले, ते एकदम कसे लागतात? आम्ही वाचून सांगितले, की तो प्रकाश म्हणजे नर-मादीची एकमेकांस खूण असते. त्यात उष्णता जवळजवळ नसते. आणि काजव्याची अळी ओलसर मातीत राहून गोगलगाई खाते. मग मुलीनेच पुढचा हिशेब केला. आपण बॅटरी लावली तर त्यांना एकमेकांची खूण दिसणार नाही, आणि झाडाखाली तुडवले तर अळ्या मरतील. तिने सगळ्यांच्या बॅटऱ्यांवर तांबडा जिलेटिनचा कागद बांधला आणि कोणालाही वाटेबाहेर पाऊल टाकू दिले नाही. शेजारी मोटारींचे दिवे लावून माणसे आरडाओरडा करीत होती. दहा वर्षांचे मूल त्यांच्यापेक्षा शहाणे निघाले, कारण त्या रात्री नायकपण तिच्याकडे होते.

आणखी एकदा मे महिन्यात आम्ही रतनवाडीच्या बाजूने चालत होतो. तळ्यात तळाशी का होईना, पाणी होते. आणि वरच्या एका वाडीतल्या बाया डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चढत होत्या. मुलगा म्हणाला, "तळं इथंच आहे, मग यांच्याकडे पाणी का नाही?" प्रश्न सरळ होता, उत्तर सरळ नव्हते. आम्ही त्याला नकाशावर प्रवरा दाखवली. ही नदी येथून अकोले, संगमनेरवरून जाते, तिच्या कालव्यांवर ऊस पिकतो. लोणीला १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला तो याच पाण्याच्या आधारावर. पुढे नेवाशाला, जेथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ती वाहते आणि प्रवरासंगमाला आपल्या गोदावरीस मिळते. मुलाने ऐकून घेतले आणि म्हणाला, "म्हणजे आपल्या चहातली साखर यांच्या पाण्याची." असे धडे पुस्तकात मिळत नाहीत असे नव्हे. परंतु हंडे वाहणारी बाई समोरून जात असताना तो धडा विसरता येत नाही.

त्या मुलखातल्या मुलांकडे पाहिले की आपल्या साहसाची फुशारकी आपोआप उतरते. महादेव कोळी समाजाची आठ-दहा वर्षांची मुले शेळ्यांमागे ज्या कड्यावरून अनवाणी धावतात, तेथे आम्ही बूट घालून चार पायांवर चालतो. कोणत्या झाडाचे काय खावे, कोणत्या कपारीत आग्या मोहोळ आहे, आभाळ कोणत्या बाजूने भरले की घर गाठावे, हे त्यांना ठाऊक असते. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली; त्या कधी शाळेत गेलेल्या नाहीत. आम्ही मुलांना सांगत आलो आहोत, की येथे आपण पाहुणे आहोत, आणि पाहुण्याने घरच्या माणसाचे ऐकावे. सरबतवाल्या बाईचे ऐकले असते तर आजच्या व्याख्यानाला विषय उरला नसता.

आता थोडे व्यवहाराचे बोलतो, कारण सभा संपल्यावर कोणीतरी हेच विचारणार. स्कॉटलंडमधील नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा हिशेब घालून दिला. तीन मैलांस एक तास धरावा आणि दर दोन हजार फूट चढणीला आणखी एक तास मिळवावा. हा हिशेब सुदृढ मोठ्या माणसांचा आहे, आणि तोही न थांबता चालणाऱ्यांचा. मुले बरोबर असतील तर आम्ही तो दुप्पट करतो आणि त्यावर एक तास खेकड्यांसाठी ठेवतो. पहाटे निघावे. वर पोचलो असू वा नसू, वळण्याची वेळ घरीच ठरवून घ्यावी आणि ती पाळावी. पाणी दर माणशी निदान दोन लिटर. मूल तहान लागली म्हणेपर्यंत थांबू नये. नेमाने घोट घोट पाजीत राहावे. खायला गूळ-शेंगदाणे, भाकरी, लिंबू आणि मीठ-साखर. थंडीत एक कोरडा लोकरी कपडा प्रत्येकाच्या पाठीवर, तोही प्लास्टिकच्या पिशवीत.

पाण्याच्या बाबतीत आमचा नियम कडक आहे. धरणाचे पाणी शांत दिसते, पण त्याचा काठ नदीच्या घाटासारखा पायरीपायरीने उतरत नाही. दोन पावले गुडघाभर आणि तिसरे डोक्यावरून, अशी स्थिती असते. शिवाय गाळात पाय रुततो. म्हणून पोहता येत असले तरी जलाशयात उतरायचे नाही, आणि नावेत बसायचे तर अंगात तरंगते जाकीट हवेच. रानातला नियम एकच : जेथे डोळा पोचत नाही तेथे हात घालायचा नाही. दगडाखाली फुरसे असू शकते. सर्प चावलाच तर जखम कापू नये, दोरी आवळून बांधू नये, विष चोखू नये. माणसाला हलू न देता लवकरात लवकर प्रतिविष मिळेल अशा इस्पितळात न्यावे. मोहोळाच्या रानात अत्तर आणि धूर दोन्ही वर्ज्य. गडगडाट ऐकू आला की उघडा माथा सोडावा. आणि मूल चुकलेच तर त्याने शोधायला न फिरता आहे तेथेच थांबून शिट्टी वाजवावी, हे त्याला घरीच, खेळ म्हणून, दहादा करवून घ्यावे. भीती घालण्यासाठी हे सांगत नाही. धोका ओळखता येऊ लागला की त्याची भीती कमी होते, हा आमचा अनुभव आहे.

मुलाबाळांना घेऊन डोंगर हिंडणे ही काही आमची नवी युक्ती नव्हे. गोपाळ नीलकंठ दांडेकर आपल्या कन्येला बरोबर घेऊन गड हिंडत, हे आपणा सर्वांना माहीत आहे. इंग्लंडातल्या सरोवरांच्या मुलखात घडणारी आर्थर रॅन्सम यांची 'स्वॅलोज अँड ॲमेझॉन्स' ही कादंबरी १९३० साली निघाली. तीत चार भावंडे शिडाची होडी घेऊन एकटीच बेटावर राहायला जातात. घरच्यांनी त्यांच्यावर विश्वास टाकलेला असतो. आम्ही एवढा विश्वास टाकू शकत नाही, आमची छाती तेवढी नाही. परंतु 'परत' हा एक शब्द मुलांच्या हाती देणे, एवढे आम्हाला जमले.

त्याचे फळ केव्हा मिळाले ते सांगून आवरते घेतो. २०१४ च्या जानेवारीत मुलगी आपण होऊन म्हणाली, "कळसूबाईला जाऊ या. मी नायक." आम्ही साडेपाचला बारी सोडली. पाणी पुरेसे होते, वेळ पुरेसा होता. ती शिड्या हसत चढली. शेवटच्या शिडीपाशी आलो आणि मुलगा पोट धरून बसला. तो काही बोलला नाही. आम्हीही बोललो नाही. वर देऊळ दिसत होते, ऊन कोवळे होते, आणि दोन वर्षांपूर्वी ज्या शिडीवर तिचे हात गोठले होते ती समोर होती. तिने भावाकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाली, "परत."

आम्ही वळलो. थोडे उतरल्यावर मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "ताई, माझ्यामुळे तुला वर जाता आलं नाही." त्यावर ती म्हणाली, "तुझ्यामुळे नाही रे. मी नायक आहे. मी ठरवलं." आम्ही दोघे मागून चालत होतो. आम्हाला पुढची वाट काही वेळ नीट दिसली नाही. खाली सरबताच्या जागी ती बाई बसलेली होती. तिने मुलीला ओळखले आणि विचारले, "वर गेली व्हतीस का?" मुलगी म्हणाली, "नाही, उद्या जाऊ. डोंगर कुठं पळून चाललाय का?"

आपण विचाराल, शिखर अखेर झाले की नाही? झाले, पुढच्या वर्षी. वर वारा पुष्कळ होता, देवीला नारळ फोडला, छायाचित्र काढले. ते घरात कोठेतरी असेल. चौकट काही केली नाही.

उन्हाळ्याची सुट्टी लागली आहे. घरी मुले आहेत, नातवंडे आहेत. त्यांना घेऊन जा. कळसूबाई नसेल जमत तर पांडवलेण्याच्या पायऱ्या आहेत, गंगापूरच्या धरणाचा काठ आहे. फार दूर जाऊ नका, फार उंच जाऊ नका. मूल जेथे बसेल तेथे शेजारी बसा. आणि ते 'परत' म्हणाले तर वळा. तेवढे वळणे ज्या घरात जमते, त्या घरातले मूल पुढे कोठेही गेले तरी आपल्याकडे परत येण्याची वाट विसरत नाही, असा आमचा विश्वास आहे.